बॅकअप आहे हो, पण परत आणून पाहिलाय का?

"बॅकअप आहे ना?" हा प्रश्न आमच्या घराण्यात "जेवलीस का?"च्या खालोखाल विचारला जातो. दोन्हींचं उत्तर ठरलेलं, "हो हो, झालंय." घराण्यातली संगणकवाली मीच, त्यामुळे बहुतेक वेळा विचारणारीही मीच. गेली काही वर्षं मात्र मी त्याच्या पुढचा प्रश्नही विचारायला लागलेय: "परत आणून पाहिलाय का?" यावर फोनच्या पलीकडे जी शांतता पसरते, तिच्याबद्दल आज लिहायचंय.

परत आणणं म्हणजे बाहेरच्या डिस्कवर फोल्डर दिसतात का हे बघणं नव्हे. घरचा संगणक आज सकाळी मेला असं समजायचं, कोऱ्या डिस्कवर सगळं जसंच्या तसं उभं करायचं, आणि त्या संगणकावर रोज बसणाऱ्या माणसाला म्हणायचं, "बसा, चालवा." हे ज्याचं करून झालेलं नाही, त्याला मी बॅकअप म्हणत नाही. फार तर नवस म्हणेन. आणि 'सगळं परत आलं' हे ठरवायचा हक्क त्या प्रोग्रॅमच्या हिरव्या खुणेला द्यायला मी तयार नाही. तो हक्क घरातल्या त्या माणसाचा.

हे जरा आगाऊपणाचं वाटेल, म्हणून आधी मोठ्यांचे दोन किस्से.

'टॉय स्टोरी २'चा किस्सा बऱ्याच जणांनी ऐकला असेल. १९९८ साली पिक्सारमध्ये कुणीतरी चुकीच्या जागी फायली पुसायची आज्ञा दिली आणि लोकांच्या डोळ्यांदेखत सिनेमातली पात्रं एकामागोमाग एक नाहीशी व्हायला लागली. बॅकअप होते की! पण परत आणायला गेल्यावर कळलं, की ते बऱ्याच दिवसांपासून नीट होतच नव्हते. कुणी कधी परत आणून पाहिलेच नव्हते, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुझमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. तिचं बाळ तान्हं होतं, घरून काम करता यावं म्हणून तिच्या घरच्या संगणकावर सिनेमाची प्रत ठेवलेली होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीत मागच्या सीटवर घालून स्टुडिओत नेला. त्यानंतरही काम संपलं नाही. हजारो फायली माणसांनी बसून डोळ्यांनी तपासल्या. (पुढे त्या सिनेमाची कथाच बरीचशी नव्याने लिहिली गेली, त्यामुळे एवढ्या धडपडीने वाचवलेल्यातलं बरंच पडद्यावर आलंच नाही. ते सोडा.)

दुसरा किस्सा गिटलॅबचा. ३१ जानेवारी २०१७. मुख्य विदागार चुकून पुसलं गेलं. त्यांच्याकडे बॅकअपच्या एक नाही, पाच तऱ्हा होत्या आणि ऐन वेळी पाचांपैकी एकही धड चालली नाही. कामी आली ती सहा तासांपूर्वी एकाने वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत. एक मानलं पाहिजे, त्यांनी काही लपवलं नाही, सगळं जगाला सांगितलं.

या लोकांकडे पगारी माणसं होती. आपल्याकडे रविवारची दुपार असते आणि "अगं, जरा बघशील का" असं म्हणणारी आत्या असते.

आता घरचा किस्सा. मला हे सगळं खऱ्या अर्थाने कळलं ते यातून, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमचे मोठे काका चिपळूणला असत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत करायला घेतला. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना ठाऊकच असेल, हे काम एकदा अंगात शिरलं की माणूस त्यातून बाहेर पडत नाही. पोस्टकार्डं लिहायची, एसटीने गावोगाव जायचं, नव्वदीच्या म्हाताऱ्यांसमोर बसून "तुमच्या आजीचं माहेर कुठलं?" असं विचारायचं. १९९९ मध्ये त्यांनी विंडोज ९८ असलेला संगणक घेतला आणि वह्यांतलं सगळं त्यात टाइप करायला बसले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी! पत्रांच्या गठ्ठ्यांना पुढे वाळवी लागली, वह्यांचंही फार काही उरलं नाही. त्यामुळे २००५-०६ नंतर आमच्या घराण्याच्या अकरा पिढ्या जर कुठे असतील तर त्या काकांच्या संगणकात होत्या.

आणि काका बॅकअपच्या बाबतीत कुणी नाव ठेवावं असे नव्हते. दर संकष्टीला ते सीडी लिहीत. तीन प्रती. एक त्यांच्या कपाटात, एक पोस्टाने मला पुण्याला, एक नागपूरच्या चुलतभावाला. आज बॅकअपवर लिहिणारे सगळे ज्या ३-२-१ नियमाचा जप करतात (तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम पीटर क्रो नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केला), तो काका आपल्या आपण पाळत होते. चंद्रोदयाच्या आधी सीडी, मग उपास सोडायचा.

२००९ च्या पावसाळ्यात त्यांच्या संगणकातून टिक टिक असा आवाज यायला लागला आणि दोन दिवसांत डिस्क गेली. मी नवी डिस्क घेऊन चिपळूणला गेले. विंडोज एक्सपी टाकलं, सीडी घातली, एकूण एक फाइल निघाली. फायलींची संख्या जुळली, तारखा जुळल्या, शेवटची फाइल मागच्या संकष्टीची. मी खुशीत पहिली फाइल उघडली.

पडद्यावर रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरच्या खुणांचा सडा. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे काय? हे माझं नाही."

ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलंय त्यांच्या लक्षात आलंच असेल. विंडोज ९८ वर युनिकोड मराठीची सोय नव्हती. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, शिवाजी, किरण अशी तेव्हाची मंडळी वेगळी युक्ती करत. फायलीत 'क' नसेच. असे तो रोमन लिपीतल्या कुठल्यातरी चिन्हाचा क्रमांक, आणि फाँटमध्ये त्या क्रमांकाच्या जागी 'क'चं चित्र काढून ठेवलेलं असे. दर कंपनीची चित्रं वेगळ्या जागी. म्हणजे फाँट गेला की मजकूर असूनही नसल्यासारखा. काकांनी फायली जपल्या होत्या. फाँट फायलींच्या फोल्डरमध्ये नसतो, तो विंडोजच्या पोटात असतो. तो जपायला हवा असं त्यांना कोण सांगणार होतं? तो जिथे असतो ते फोल्डर तर "इथल्या कशाला हात लावू नका" म्हणून बजावूनच दाखवलेलं असायचं.

मूळ पॅकेज फ्लॉप्यांवर होतं. कोकणातला दहा पावसाळ्यांचा ओलावा, फ्लॉप्यांना बुरशी. त्याच नावाचा नवा फाँट पुण्याहून मागवला, तर त्यात चित्रांच्या जागा बदललेल्या. अर्धी अक्षरं बरोबर, जोडाक्षरं भलतीच. वाचताना असं वाटत होतं, की एखादा म्हातारा नातेवाईक आजारातून उठलाय खरा पण आपल्याला ओळखत नाहीये.

कुलवृत्तांत वाचला तो शेवटी एका भुतामुळे. २००३ मध्ये काकांच्या संगणकवाल्याने डिस्कची 'घोस्ट इमेज' काढून दोन सीडींवर दिली होती. काकांनी त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "घोस्ट. हात लावू नये." सहा वर्षं कुणी लावला नव्हता. घोस्ट हा डिस्कची अख्खी प्रतिमा काढणारा प्रोग्रॅम. मूळ न्यूझीलंडचा, १९९८ मध्ये सिमँटेकने घेतला, २०१३ मध्ये बंद केला. त्याच्याबरोबर घोस्ट एक्सप्लोरर नावाचं एक छोटं साधन येई, त्याने त्या प्रतिमेच्या आत शिरून एकेक फाइल बाहेर काढता येते. आत शिरले, विंडोज, मग फाँट्स, आणि तिथे ते होते. चार फायली. चारही मिळून आजच्या एका फोटोपेक्षा कितीतरी लहान. त्या नव्या संगणकात टाकल्या, फाइल पुन्हा उघडली आणि समोर मराठी!

काकांनी पहिलं पान काढलं ते स्वतःचं नव्हे, त्यांच्या आत्येचं. ही माहिती तिने २००० साली सांगितली होती आणि पुढच्याच वर्षी ती गेली होती. ते पान पूर्ण वाचून झाल्यावर म्हणाले, "आता चहा टाक."

यावरून माझं एक मत पक्कं झालं. निवडून घेतलेला बॅकअप, म्हणजे 'माझी कागदपत्रं' आणि 'माझे फोटो' एवढीच फोल्डरं घेणारा, हा आपल्याला आज जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच वाचवतो. काय महत्त्वाचं होतं हे कळतं ते परत आणताना. म्हणून फायलींच्या साध्या प्रती हव्यातच, पण वर्षातून एक-दोनदा अख्ख्या डिस्कची प्रतिमाही हवी, काही निवड न करता, नको असलेल्या कचऱ्यासकट. डिस्क आता इतक्या स्वस्त आहेत की कचऱ्याचा विचार करायचं कारण नाही. आणि प्रतिमा काढणारा प्रोग्रॅमही प्रतिमेच्या शेजारी ठेवायचा. घोस्ट बंद झाला, मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्तीही २०२४ पासून बंद झाली. उद्या प्रतिमा असेल आणि ती उघडणारं काही नसेल, तर फाँटचीच गोष्ट पुन्हा.

जाता जाता कुलवृत्तांताचं पुढचंही सांगते. तो मग युनिकोडमध्ये आणला. रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम मिळाले, पण जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे जोडाक्षरावर वेलांटी किंवा रफार आला की हमखास गोंधळ. 'कार्तिक' आणि 'कीर्ती' असल्या नावांची जी दशा झाली ती बघवत नव्हती. काकांनी पुढचं वर्षभर ओळ न् ओळ ताडून शुद्ध केली. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती जुळवून शुद्ध पाठ सिद्ध केला, ते आपण 'संशोधन' म्हणून शाळेत शिकतो. काकांचा तो उद्योग बघताना मला तेच आठवायचं. तुलना जरा मोठी झाली, ह. घ्या. :) २०१२ मध्ये वृत्तांत छापून झाला, २०१४ मध्ये काका गेले.

असो. तर 'पूर्ण' या शब्दाकडे येऊ.

आपल्याकडे संगणक बिघडला की गल्लीतला माणूस म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो." मग विचारतो, "डेटा पाहिजे का?" आपण हो म्हणतो, तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून ठेवतो, फॉरमॅट मारतो आणि ते परत टाकतो. त्याची काही चूक नाही, विचारलं तेवढं त्याने केलं. पण आपला संगणक परत आलेला नसतो, त्याच डब्यात नवा संगणक आलेला असतो. पूर्वी आउटलुक एक्स्प्रेसची सगळी पत्रं असल्या आडबाजूच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असत, की हे फॉरमॅटवाले तिथे कधी पोचतच नसत. किती घरांतली परदेशी गेलेल्या मुलांची पहिल्या वर्षाची पत्रं अशी गेली असतील, हेवेसांनल.

आज आउटलुक एक्स्प्रेस नाही, पण त्याचे भाऊबंद आहेत. क्रोमने लक्षात ठेवलेले पासवर्ड घ्या. काही हुशार मंडळी क्रोमचं अख्खं फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवतात. बुकमार्क येतात, इतिहास येतो, पासवर्ड येत नाहीत. कारण ते कुलूपबंद असतात आणि किल्ली जुन्या विंडोजच्या त्या वापरकर्त्याच्या खात्याला बांधलेली असते. पेटी आली, किल्ली मागे राहिली. अख्खी प्रतिमा परत आणली तर दोन्ही येतात. वर्डला आपण वर्षानुवर्षं शिकवलेले शब्द, दुरुस्त करायला लावलेल्या नेहमीच्या चुका, ईमेलमधले पत्ते, छपाईयंत्राची बसवलेली घडी, डिजिटल सहीच्या टोकनला लागणारा प्रोग्रॅम... ही यादी मी देत बसत नाही. ती कुणालाच आधी पूर्ण करता येत नाही, हेच तर माझं म्हणणं आहे.

आणि मग आई. आईला फायलींची नावं माहीत नसतात, जागा माहीत असतात. "डावीकडून तिसरं चित्र, त्यावर दोनदा दाबलं की भजनं लागतात." नव्या विंडोजमध्ये ते चित्र दुसरीकडे गेलं तर तिच्या लेखी भजनं गेली. मुलगा म्हणणार, "आहेत की गं, सगळ्या फायली आहेत!" त्याचंही खरं, तिचंही खरं. पण संगणक कोणाचा आहे? विंडोज ७ मधून पुढे जाताना कितीतरी घरांतल्या ज्येष्ठांचा पत्त्यांचा डाव गेला, कारण विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने तो आतून काढूनच टाकला होता. तरुण मंडळी हसली. मी एका काकूंना त्या डावाअभावी आठवडाभर संगणकाकडे न फिरकताना पाहिलंय.

म्हणून मी दरवर्षी रंगीत तालीम घेते. नाटकवाल्यांकडून हे शिकण्यासारखं आहे. संहिता पाठ आहे म्हणून कुणी थेट पहिला प्रयोग लावत नाही.

तालमीचा एक नियम मात्र कधीही मोडायचा नाही: चालत्या डिस्कवर तालीम करायची नाही. मूळ डिस्क काढून कागदात गुंडाळून बाजूला ठेवायची आणि दुसरी, तेवढीच किंवा मोठी, कोरी डिस्क लावायची. लहान चालत नाही. विंडोजची स्वतःची प्रतिमा लहान डिस्कवर उतरायला साफ नकार देते, मग आत मजकूर थोडासाच का असेना. सुरुवात करायला लागतो तो पेनड्राइव्हही आधीच बनवलेला हवा आणि त्या मशीनवर तो चालतो हे पाहिलेलं हवं. काही नव्या लॅपटॉपांत असा पेनड्राइव्ह सुरू होतो खरा, पण त्याला आतली डिस्कच दिसत नाही, कारण त्या डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर त्याच्याकडे नसतो. हे शांत रविवारी कळलं तर अर्ध्या तासाचं काम; मंगळवारी रात्री, बुधवारी विवरणपत्र भरायचं असताना कळलं तर काय, ते तुम्हीच समजा. ज्या लॅपटॉपांत डिस्क बोर्डावरच डकवलेली असते, तिथे हा प्रयोग करता येत नाही. तिथे मी प्रतिमा दुसऱ्या संगणकावर आभासी यंत्रात उघडून पाहते. अगदीच काही नाही त्यापेक्षा बरं.

आणि बिटलॉकर! विंडोज ११ च्या अलीकडच्या नव्या संगणकांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बऱ्याच जणांना आपली डिस्क कुलूपबंद आहे हेच ठाऊक नसतं. मोठी दुरुस्ती झाली किंवा डिस्क दुसरीकडे लावली की तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते आणि खात्याचा पासवर्ड असतो अमेरिकेतल्या मुलाच्या डोक्यात, जो तेव्हा झोपलेला असतो. ती किल्ली कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. कागदावरच. मी मुद्दाम म्हणतेय. संगणकाची किल्ली त्याच संगणकात ठेवणारे दोन महाभाग आमच्याच नात्यात आहेत आणि ते हे वाचतायत.

वेळ किती लागतो हेही तालमीतच कळतं. जुन्या यूएसबी २ वरून पाचशे जीबी यायला चार-सव्वाचार तास जातात. तेच नेटवरून आणायचं म्हटलं तर शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर, तो वेग सलग मिळाला असं धरूनसुद्धा, अकरा तास. वीस एमबीपीएस असेल तर दोन दिवस आणि वर काही तास, मध्ये वीज गेली नाही तर.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. "आता सगळं क्लाउडवर आहे, ही जुनी थेरं कशाला?" आक्षेपात तथ्य नाही असं नाही. फोनवरचे फोटो आपोआप वर जातात म्हणून लाखो घरांतले फोटो वाचलेत, हे मी मान्य करते. पण ड्राइव्ह काय, वनड्राइव्ह काय, त्यांचं मुख्य काम दोन जागा एकसारख्या ठेवणं हे आहे. इथे पुसलं की तिथेही पुसतात. कचरापेटीत साधारण तीस दिवस राहतं, मग तिथूनही जातं. नातवाने मे महिन्यात खेळता खेळता फोल्डर उडवलं आणि आजोबांनी ते गणपतीत शोधलं, तर क्लाउड काय करणार? खंडणीखोर व्हायरसचंही तेच. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरला तेव्हा त्याने पोचेल तिथल्या फायली कुलूपबंद केल्या, जोडून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्यासुद्धा. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवली की ती बॅकअपची राहत नाही. आणि वर गेलेल्या असतात त्या फायली. काकांच्याही फायली सगळ्या होत्याच की.

"डी ड्राइव्हवर कॉपी ठेवलीय" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत एवढं सांगते आणि विषय बदलते.

दुसऱ्या जागी ठेवायच्या प्रतीबद्दल कोकणातल्या आणि मुंबईतल्या लोकांना मी काय सांगणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा घरोघरी संगणकाचा डबा टेबलाखाली, जमिनीवर असायचा. तळमजल्यावरच्या घरांत तो डबा आणि त्यावर ठेवलेल्या सीड्या एकदमच पाण्यात गेल्या. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी आलं, तेव्हा काकांचं घर तळमजल्यालाच होतं. त्या वेळी घरात होता तो संगणक गेला, कपाटातली डिस्कही गेली. नागपूरची डिस्क कोरडी होती. चुलतभाऊ ती दरवर्षी तालमीत लावून बघतो, त्यामुळे फोन करून विचारावंसुद्धा लागलं नाही; त्यानेच फोन केला की मशीन उभं करून पाठवतोय, पत्ता तोच ना?

आता आत्याच्या संगणकाचं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तिचं मशीन विंडोज ११ ला लागणाऱ्या अटींत बसत नाही, म्हणजे नवं मशीन आलंच. घरात दोन तट पडलेत. भाचा म्हणतो, नव्यात फक्त फायली टाकू, बाकीची अडगळ कशाला? मी म्हणते, आधी जुन्याची पूर्ण प्रतिमा, ती कोऱ्या डिस्कवर उभी करून पाहायची, आत्याने त्यावर दोन दिवस काम करायचं, आणि मगच नव्यात काय न्यायचं ते तिने स्वतः सांगायचं. आत्याचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं, ते परवा मी विचारलं. ती म्हणाली, "माझी पाककृतींची वही उघडली पाहिजे, अक्षर मोठं दिसलं पाहिजे, आणि तो टेबलफॅनसारखा आवाज नाही आला तरी चालेल."

पाककृतींची वही कुठल्या फाँटमध्ये आहे ते मी अजून पाहिलेलं नाही. शनिवारी येतेय, कोरी डिस्क घेऊन. भाच्यालाही बोलावून ठेव, आत्या.